इराण आणि दुकाण : अतिशुद्धतेचा एक छोटा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाचा एक कार्यक्रम होता. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर आम्हीच लिहिला, मुद्रिते आम्हीच तपासली. पत्रिका वाटून झाल्या, कार्यक्रम पार पडला, आणि पुष्कळ दिवसांनी आमच्या ध्यानात आले की तीवर ठळक अक्षरांत 'दीपप्रज्ज्वलन' असे छापले गेले होते. मूळ शब्द 'प्रज्वलन'. 'प्र' या उपसर्गाला 'ज्वलन' जोडले की ज एकच राहतो. 'उज्ज्वल' या शब्दात मात्र 'उद्' या उपसर्गातील द् चा ज् होतो, म्हणून तेथे दोन ज येतात. 'उज्ज्वल'चा धडा आम्ही इतका पक्का केला होता की तो 'प्रज्वलना'वरही गिरवला. त्या पत्रिकेवरून कोणी आम्हांला हसले नाही.

त्याच आठवड्यात प्रथम वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थी उतारा मोठ्याने वाचत होता. 'अनुभव' हा शब्द त्याने 'अणुभव' असा उच्चारला. आमच्यापैकी एकाने, "अणुभट्टीतला का रे हा?" असे विचारले. वर्ग हसला. तो विद्यार्थी उतारा पुरा करून खाली बसला आणि त्या वर्षात पुन्हा वाचायला उभा राहिला नाही.

या दोन्ही चुका एकाच कुळीच्या आहेत हे आम्हांला फार उशिरा उमगले. त्या कुळीला येथे आम्ही 'अतिशुद्धता' म्हणणार आहोत. बोलणाऱ्याला नियम ठाऊक नसतो म्हणून होणाऱ्या चुका वेगळ्या. अतिशुद्धतेत बोलणाऱ्याला नियम असल्याचे ठाऊक असते, आपल्या सवयीचे रूप त्या नियमात बसत नाही हेही ठाऊक असते, आणि तो नियम कोठे थांबतो एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. घरी 'पानी', 'कोन', 'लोनी' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत कळते की शहाणी माणसे येथे ण म्हणतात. मग तो 'पाणी', 'कोण', 'लोणी' शिकतो आणि त्याच कष्टाळूपणाने 'अणुभव', 'अणुमान', 'दुकाण' असेही म्हणू लागतो. त्याच्या तोंडचे 'पाणी' आपण ऐकून सोडून देतो. 'अणुभव' तेवढा आपल्या कानाला खटकतो. वास्तविक दोन्ही रूपे एकाच प्रयत्नातून आलेली असतात.

ही खोड मराठीपुरती नाही आणि आजची तर नाहीच. तिची एक फार जुनी नोंद रोमन कवी कातुल्लुस याच्या चौऱ्याऐंशीव्या कवितेत सापडते. काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाचा. कवितेतील अरियुस नावाचा गृहस्थ प्रतिष्ठितांसारखे बोलण्याच्या हव्यासापायी नको तेथे हकार घालतो. त्या काळी लॅटिनमधला शब्दारंभीचा ह सामान्यांच्या बोलण्यातून गळत चालला होता, आणि तो उच्चारणे हे शिक्षणाचे चिन्ह मानले जाई. अरियुसने ते चिन्ह उचलले आणि सर्वत्र लावले. तो सिरियाला गेला तेव्हा सर्वांच्या कानांना विश्रांती मिळाली. पण लवकरच वार्ता आली की तो गेल्यापासून आयोनियन समुद्राचा 'हायोनियन' झाला आहे. विनोद बिनतोड आहे. तथापि त्या छोट्या कवितेत एक बोचरी जागा आहे. अरियुसची आई, मामा आणि आईकडचे आजी-आजोबा असेच बोलत असावेत, असे कवी जाता जाता सुचवतो. उच्चारावरचे हसू बोलता बोलता घरापर्यंत, आईपर्यंत पोहोचते. वर्गात हसू पिकते तेव्हाही ते तेथेच पोहोचत असते.

दुसरी नोंद शिक्षकाच्या हातची आहे. उत्तरकालीन लॅटिनमधली 'अपेंडिक्स प्रोबी' या नावाने ओळखली जाणारी २२७ नोंदींची एक यादी उपलब्ध आहे. तिचा साचा एकच : अमुक म्हणा, तमुक म्हणू नका. त्या काळी बोलण्यात स च्या आधीचा न लोपला होता, म्हणून 'मेन्सा' म्हणजे मेज या शब्दाचे 'मेसा' झाले होते; यादी 'मेन्सा' म्हणायला बजावते. त्याच यादीत 'फॉर्मोसुस' म्हणजे सुंदर हा शब्द 'फॉर्मुन्सुस' असा म्हणू नये, अशीही तंबी आहे. या दुसऱ्या शब्दात न मुळात कधीच नव्हता. स च्या आधीचा न आपण गाळतो, ही आपली चूक होते, असे वारंवार ऐकलेल्या माणसांनी तो तेथेही घातला. या दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की एक दुसरीचे कारण असल्याचे स्पष्ट दिसते. पहिल्या चुकीवरच्या छडीने दुसरी चूक जन्माला घातली. पुढे काय झाले? स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत मेजाला आजही 'मेसा'च म्हणतात. त्या शिक्षकाने ज्याला चूक म्हटले, तेच दोन मोठ्या भाषांचे प्रमाण रूप ठरले.

आधुनिक काळात या प्रवृत्तीचा सामाजिक अर्थ उलगडून दाखवला तो विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने. न्यूयॉर्क शहरातील लोक शब्दातला र कधी उच्चारतात आणि कधी गाळतात, याचा त्याने पद्धतशीर अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. तेथे र उच्चारणे प्रतिष्ठेचे होते. सहज बोलताना वरचा वर्ग तो अधिक उच्चारी, हे अपेक्षितच होते. परंतु सावध होऊन शब्दांची यादी वाचायला दिली की निम्न मध्यमवर्ग वरच्या वर्गालाही मागे टाकी. आपले स्थान अस्थिर आहे असे ज्यांना वाटते, त्यांची जीभ सर्वांत सावध असते. अतिशुद्धता निरक्षरांची नसते, आणि आपल्या जागेवर निश्चिंत बसलेल्यांचीही फारशी नसते. ती शिडीच्या मधल्या पायरीवर उभ्या असलेल्यांची भाषा असते.

आता आपल्या न आणि ण कडे वळू. शिष्ट मराठीत ण कोठे येतो याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. महाराष्ट्री प्राकृतात संस्कृतातील न चा सरसकट ण होत असे. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात तसा नियमच आहे. पुढे मराठी घडताना या ण च्या दोन वाटा झाल्या. स्वरांच्या मध्ये एकटा असलेला ण टिकला, आणि जोडाक्षरातील दुहेरी ण्ण चा न झाला. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरील १९२० च्या फ्रेंच ग्रंथात या वाटांचा मागोवा आहे. म्हणून संस्कृत 'पानीय' मध्ये न असूनही मराठीत 'पाणी', आणि संस्कृत 'कर्ण' मध्ये ण असूनही मराठीत 'कान'. 'पर्ण'चे 'पान' झाले, 'स्थान'पासून 'ठाणे' आले. 'जन' आणि 'जण' हे तर एकाच शब्दाचे दोन अवतार. एक संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला आणि दुसरा प्राकृताच्या वाटेने चालत आलेला. 'जनसभेला चार जण आले' हे वाक्य आपण बिनचूक बोलतो, पण त्यामागचा नियम विचारला तर आपल्यापैकी किती जणांना तो सांगता येईल?

म्हणजे शाळकरी मुलाला आपण जे शिकवतो ते असे : संस्कृतात जेथे न आहे तेथे अनेकदा ण म्हण, जेथे ण आहे तेथे काही वेळा न म्हण, पण तो शब्द थेट संस्कृतातून घेतलेला असेल तर तसे करू नकोस. कोणता शब्द थेट घेतलेला आहे हे मात्र आम्ही सांगत नाही, ते तुला ठाऊक असलेच पाहिजे. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या संस्कृत पाठांतर चालत आले, त्या घरांतल्या मुलाला ते कानाने ठाऊक असते. इतरांना अंदाज बांधावा लागतो. 'अणुभव' हा असा एक अंदाज आहे.

आणि गंमत पाहा. 'अणुमाण', 'आणंद', 'मण' ही सगळी रूपे महाराष्ट्री प्राकृतात शुद्ध आहेत. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'च्या भाषेत मनाला 'मण'च म्हणतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जी प्राचीनतेची साक्ष काढली गेली, तीत ही गाथा अग्रभागी होती. तो दर्जा मिळाल्याचा आनंद आम्हीही साजरा केला. ज्या ण चा वारसा आम्ही तेथे अभिमानाने सांगितला, त्याच ण वर आम्ही वर्गात कोटी केली होती. आमच्या विद्यार्थ्याने 'अणुभव' हे रूप सातवाहनांकडून घेतले, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. त्याचा ण शाळेच्या धाकातून आला; दोघांचे साम्य हा योगायोग आहे. पण कोणताही वर्ण स्वभावतः अशुद्ध नसतो, एवढे तरी या योगायोगाने सिद्ध होते.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून फारसीतून आलेले शब्द पाहावेत. फारसीत ण नाहीच. तरीही मराठीने 'निशान'चे 'निशाण' केले, 'ईरान'चे 'इराण' केले, आणि ही रूपे वृत्तपत्रांत, पाठ्यपुस्तकांत, शासकीय कागदपत्रांत मानाने नांदतात. 'दुकान', 'मैदान', 'सामान' यांचा न मात्र तसाच राहिला. 'दुकाण' म्हणणारा माणूस 'इराण' म्हणणाऱ्यापेक्षा ध्वनीच्या दृष्टीने काहीच वेगळे करत नाही. फरक एवढाच की 'इराण' हे रूप लिहित्या वर्गाने स्वीकारले, आणि 'दुकाण' हे ज्यांच्या तोंडी राहिले त्यांच्या हाती लेखणी उशिरा आली.

लेखणी कोणाच्या हाती होती हा प्रश्न आपल्याला एकोणिसाव्या शतकात घेऊन जातो. त्यापूर्वी लेखनाची शिस्त नव्हती असे नाही. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. पण त्यातला भर सुवाच्य, नेटक्या, टिकाऊ लेखनावर आहे. साऱ्या समाजाने एकाच रीतीने बोलावे-लिहावे ही अपेक्षा छापखाना, सरकारी शाळा आणि परीक्षा यांच्याबरोबर आली. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके निघाली. या कार्याचे ऋण मोठे आहे. त्यावाचून आज आम्ही ज्या भाषेत हे लिहीत आहोत ती भाषा या स्वरूपात नसती. परंतु या सगळ्या घडणीत पुण्याकडच्या सुशिक्षित ब्राह्मण घरांतील बोली ही 'मराठी' ठरली, आणि उरलेल्या बोली तिच्यापासून ढळलेल्या ठरल्या. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द देवघरात आणि पंगतीत ज्या अर्थाने वापरले जात, त्याचा वास या नव्या व्यवस्थेतही राहिला.

जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'चे प्रकाशन १८७३ मधले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासूनची. चिपळूणकरांनी जोतीरावांच्या विचारांबरोबर त्यांच्या व्याकरणावरही कठोर टीका केली. जोतीरावांचे उत्तर त्यांच्या पुढील लेखनातच आहे : त्यांनी आपली भाषा बदलली नाही. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांनी पत्र लिहून नाकारले, आणि त्या पत्राची भाषाही तशीच रोखठोक आहे. 'शुद्ध' होण्याची धडपड न करणे हा त्यांचा निर्णय होता. पण असा निर्णय घ्यायला जोतीरावांचे बळ लागते. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या, पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून त्याची अपेक्षा धरणे हा आणखी एक अन्याय ठरेल.

विसाव्या शतकात नियम सोपे करण्याचा मोठा प्रयत्न झाला. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं' यांच्या डोक्यावरचे ओझे उतरले. हे काम लोकाभिमुख होते यात शंका नाही. तरीही आज लग्नपत्रिकांवर आणि दारावरच्या पाट्यांवर 'नांव' आणि 'गांव' भेटतात, कारण जुने ते अधिक शुद्ध, अशी समजूत आहे. शिवाय नव्या नियमांतही एक दार अरुंदच राहिले. मराठी शब्दांतील शेवटचा इ-उ दीर्घ लिहावा, म्हणून 'कवी', 'भूमी', 'व्यक्ती'. पण तत्सम सामासिक शब्दात पूर्वपदाचा ऱ्हस्व राहतो, म्हणून 'कविसंमेलन', 'भूमिपूजन', 'व्यक्तिमत्त्व'. अकारान्त शब्दातील उपान्त्य इ-उ दीर्घ, म्हणून 'गरीब', 'वकील', 'फूल'. पण शब्द तत्सम असेल तर मुळाप्रमाणे, म्हणून 'मंदिर', 'मधुर', 'गुण'. पाट्यांवरची 'मंदीर' आणि 'भूमीपूजन' ही रूपे नियम न पाळल्याने आलेली नाहीत. नियमाचा पहिला अर्धा भाग मनापासून पाळल्याने आलेली आहेत. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी पुन्हा तीच जुनी किल्ली लागते : शब्द तत्सम आहे हे ओळखण्याइतके संस्कृत.

ही किल्ली ज्यांच्या खिशात असल्याचे मानले जाते, ते तरी अतिशुद्धतेतून सुटले आहेत काय? आमच्या 'प्रज्ज्वलना'ची कबुली आम्ही आधीच दिली आहे. थोडी आणखी उदाहरणे घेऊ. 'महत्त्व' आणि 'तत्त्व' यांत दोन त आहेत, कारण 'महत्' आणि 'तत्' यांना 'त्व' लागते. हे कळले की लोक 'अस्तित्त्व' आणि 'नेतृत्त्व' लिहितात. तेथे एकच त हवा. 'शास्त्र' आणि 'वस्त्र' यांच्या धर्तीवर 'सहस्त्र', 'स्त्रोत', 'हिंस्त्र' येतात. मूळ 'सहस्र', 'स्रोत', 'हिंस्र'. 'श्रेष्ठ' आणि 'कनिष्ठ' यांच्या वजनावर 'उत्कृष्ठ' आणि 'विशिष्ठ' होतात. 'दृष्टी' माहीत असल्यामुळे 'द्रष्टा' हा 'दृष्टा' होतो. 'शृंगारा'ला जादा र चिकटून 'श्रृंगार' होतो. साठीच्या समारंभाची पत्रिका 'षष्ठ्यब्दी' लिहिते, म्हणजे साठाच्या 'षष्टि'ऐवजी सहाव्याच्या 'षष्ठी'ला बोलावते. आणि ऐंशी ओलांडलेल्या थोरांच्या सत्कारात 'सहस्त्रचंद्रदर्शन' झळकते. ही रूपे अग्रलेखांत, शोधनिबंधांत, गौरवग्रंथांत सापडतात. ती लिहिणारे लोक आदरणीय असतात, म्हणून त्यांना 'मुद्रणदोष' म्हणतात. 'अणुभवा'ला मात्र 'संस्कार नाहीत' असे म्हणतात.

आमच्या मते अतिशुद्धतेच्या साऱ्या इतिहासातून निघणारी महत्त्वाची गोष्ट हीच आहे. चूक कोणती, हे व्याकरण सांगते. कोणत्या चुकीवर हसायचे, हे समाज ठरवतो. हसण्याचा कौल बहुतेक वेळा चुकीच्या आकारावरून लागत नाही, चुकणाऱ्याच्या घरावरून लागतो.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये असा कोणी काढू नये. ती शिकवलीच पाहिजे, कारण अर्ज, निकाल, कायदा आणि ज्ञान यांची दारे अजून तिनेच उघडतात. 'तुमची बोली गोड आहे, तशीच राहू द्या' असे म्हणून विद्यार्थ्याला दाराबाहेर ठेवणे ही उदारता नव्हे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. ही पुस्तके आपण अभ्यासक्रमाला लावतो, त्यांतील भाषेच्या सामर्थ्यावर परीक्षेत प्रश्न घालतो, आणि त्याच बोलीतला उच्चार वर्गात कानी आला की लाल शाईच्या नजरेने पाहतो. ही विसंगती मिटवणे हे आपले, शिकवणाऱ्यांचे काम आहे.

निदान एवढे करता येईल. 'पानी' आणि 'अणुभव' या दोन चुका फळ्यावर शेजारीशेजारी लिहाव्यात. दुसरी ही पहिलीच्या दुरुस्तीतून आली, हे वर्गाला दाखवावे. 'अनु' हा उपसर्ग असेल तर न, सूक्ष्म कणाचा 'अणु' असेल तर ण, ही खूण सांगावी. ती सांगायला दोन मिनिटे लागतात. त्याच फळ्यावर 'प्रज्ज्वलन', 'सहस्त्र' आणि 'अस्तित्त्व' हेही शब्द लिहावेत आणि ही शिकलेल्यांची 'दुकाणे' आहेत, असे मोकळेपणाने सांगावे. वर्गाला हसायचेच असेल तर मग सर्वांवर हसू द्यावे.

आम्ही गेली काही वर्षे हा पाठ असाच घेतो. त्या वेळी ती जुनी निमंत्रणपत्रिका वर्गात फिरवतो, आणि विद्यार्थी आमच्या नावांच्या वरची चूक शोधून काढतात. ज्याला आम्ही 'अणुभट्टी'चा प्रश्न विचारला होता, तो विद्यार्थी तोपर्यंत पदवी घेऊन गेला होता. त्याला हे सांगायचे राहून गेले.